एकवीस जानेवारीचा हजेरीपट

२१ जानेवारी १९१९ या दिवशी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमधल्या गोल सभागृहात दोन वेळा खुर्च्या मांडल्या गेल्या. पहिल्यांदा जेवणासाठी. महायुद्धात ब्रिटिश राजासाठी लढलेले, जर्मनांच्या कैदेत पडलेले आणि नुकतेच घरी परतलेले रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स पलटणीचे शिपाई तिथे पाहुणे होते. त्यांच्या स्वागतासाठी ब्रिटिश निशाणे लावली होती. ते जेवून बाहेर पडले आणि दुपारी साडेतीन वाजता त्याच छताखाली आयर्लंडची पहिली स्वतंत्र संसद, डॉल एरन, भरली. तिने ब्रिटिश सत्तेशी नाते तोडल्याची घोषणा केली. हे सभागृह मुळात बांधले गेले १८२१ साली, चौथा जॉर्ज राजा शहराच्या भेटीला येणार म्हणून.

सभा सुरू होण्याच्या काही तास आधी टिपरेरी काउंटीत, सोलोहेडबेगच्या अरुंद रस्त्यावरून एक घोडागाडी दगडखाणीकडे चालली होती. गाडीत सुरुंगासाठी लागणारे जेलिग्नाइट होते आणि राखणीला रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या ब्रिटिश राजवटीच्या पोलीस दलाचे दोन बंदूकधारी पोलीस. आयरिश स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वयंसेवक दलाचे शॉन ट्रेसी, डॅन ब्रीन, शेमस रॉबिन्सन आणि त्यांचे साथीदार दबा धरून बसले होते. जेम्स मॅक्डॉनेल आणि पॅट्रिक ओकॉनेल हे दोन्ही पोलीस तिथेच मारले गेले आणि गाडी पळवली गेली. मॅक्डॉनेल मेयो काउंटीतल्या बेलमलेटचा, आयरिश बोलणारा, पोरांचा बाप. ओकॉनेल कॉर्ककडचा, अविवाहित. दोघेही कॅथलिक, आणि ज्यांनी गोळ्या झाडल्या तेही कॅथलिक.

एका तारखेवर घडलेल्या या दोन गोष्टी गेली शंभर वर्षे आयर्लंडला झोपू देत नाहीत. मला त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते एका प्रश्नासाठी. आयर्लंडला स्वातंत्र्यदिन नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला जात मोठे झालेल्या आपल्याला हे वाक्य दोनदा वाचावे लागते. ज्या देशाने इंग्रजांशी शतकानुशतके झुंज दिली, त्याची राष्ट्रीय सुट्टी आहे १७ मार्च, म्हणजे सेंट पॅट्रिकचा सण. आणि ती सुट्टीसुद्धा १९०३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्याच कायद्याने मिळालेली. २१ जानेवारी हा दिवस स्वातंत्र्यघोषणेचा म्हणून दरवर्षी पाळावा, असे म्हणणारे लोक तिथे आहेत. सेनेटमध्ये त्या आशयाचे विधेयकही आले होते. माझे मत आहे की त्यांनी तो जरूर पाळावा. पण संसदेचा दिवस म्हणून एकट्याने नाही. सोलोहेडबेगला बाहेर ठेवून २१ जानेवारी साजरा करायचा असेल, तर आजच्यासारखे बिनस्वातंत्र्यदिनाचे राहणे अधिक प्रामाणिक आहे.

आधी हे पाहू की त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकत्र आल्या कशा. कोणी ठरवून आणल्या नाहीत. डॉलच्या पहिल्या बैठकीची तारीख शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाच्या पुढाऱ्यांनी आधीच जाहीर केली होती. डिसेंबर १९१८च्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा त्यांनी जिंकल्या होत्या, त्यांतल्या २५ बिनविरोध. लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसायचे नाही, डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवायची, या वचनावर त्यांनी मते मागितली होती. टिपरेरीतल्या मंडळींचे वेळापत्रक मात्र खाणीच्या गरजेवर अवलंबून होते. स्फोटकांची गाडी नक्की कोणत्या दिवशी निघणार हे त्यांना ठाऊक नव्हते. कित्येक दिवस ते रोज पहाटे येऊन दबा धरत होते. हल्ल्याला डॉलची परवानगी नव्हती, स्वयंसेवक दलाच्या मुख्यालयाचीही नव्हती. बातमी पसरल्यावर धर्मगुरूंनी व्यासपीठावरून निषेध केला, आणि दक्षिण टिपरेरी लष्करी बंदोबस्ताखाली गेली.

गाडी चार दिवस आधी निघाली असती तर? मग सोलोहेडबेग ही त्या वर्षांतल्या अनेक चकमकींपैकी एक ठरली असती, आणि पहिली गोळी कुठे झाडली गेली यावर इतिहासकारांनी वाद घातला असता. तारीख एक निघाली म्हणून 'आयरिश स्वातंत्र्ययुद्ध २१ जानेवारी १९१९ला सुरू झाले' हे वाक्य पाठ्यपुस्तकात इतके घट्ट बसले. त्या तारखेने हल्ल्याला संसदेची प्रतिष्ठा दिली आणि संसदेच्या कपाळी रक्ताचा टिळा लावला. दोन्ही बाजूंना त्यातून हवे ते उचलता आले. सशस्त्र लढ्याचे भक्त म्हणाले, पाहा, घोषणा आणि गोळी एकाच दिवसाच्या. ब्रिटिश सरकारचे समर्थक म्हणाले, पाहा, ही कसली संसद, ही तर खुन्यांची टोळी. प्रत्यक्षात त्या संसदेने स्वयंसेवकांच्या लढाईची जबाबदारी उघडपणे घेतली ती १९२१च्या वसंतात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. मधल्या काळात लोक मरत होते आणि त्यांच्या मरणाचे उत्तरदायित्व नक्की कोणाचे, हे कागदावर कुठेच नव्हते.

मॅन्शन हाउसमधली ती दुपार मला फार आवडते, हे मी लपवत नाही. सगळी बैठक दोन तासांत संपली. स्वातंत्र्याची घोषणा आयरिश, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वाचली गेली, कारण पॅरिसमध्ये शांतता परिषद भरली होती आणि जगाच्या कानावर ती जायला हवी होती. बाकीचे कामकाज जवळजवळ सगळे आयरिशमध्ये चालले, आणि गंमत नाही, खरोखरच दुःखाची गोष्ट अशी की जमलेल्यांपैकी कित्येकांना ते समजत नव्हते. शेकडो वर्षे दाबली गेलेली भाषा पहिल्यांदा सत्तेच्या जागी बोलली जात होती आणि ज्यांच्यासाठी बोलली जात होती त्यांनाच तिचा अर्थ लागत नव्हता. बेलमलेटच्या मॅक्डॉनेलला ती त्या सभागृहातल्या कित्येकांपेक्षा अधिक कळली असती. त्या वेळी त्याचे प्रेत टिपरेरीत होते.

आणि तो हजेरीपट! काहल ब्रू अध्यक्षस्थानी निवडले गेले आणि आयर्लंडमधून निवडून आलेल्या सभासदांची नावे एकेक करून पुकारली गेली; नुसती शिन फेनची नव्हेत, सगळ्यांची. शिन फेनचे निम्मे लोक तुरुंगात होते. त्यांच्या नावापुढे उत्तर यायचे: 'परक्यांच्या कैदेत'. चौतीस वेळा ते आले. त्यांत लंडनच्या हॉलोवे तुरुंगातल्या कॉन्स्टन्स मार्कीविच होत्या, ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री. लिंकनच्या तुरुंगातले शिन फेनचे अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा होते. शिन फेनचेच मायकेल कॉलिन्स आणि हॅरी बोलंड यांच्या नावांपुढे 'हजर' अशी नोंद झाली. ती खोटी होती. ते दोघे इंग्लंडमध्ये डी व्हॅलेरांना तुरुंगातून पळवून आणायची तयारी करत होते आणि त्यांची गैरहजेरी कोणाच्या डोळ्यांत येऊ द्यायची नव्हती. दोन आठवड्यांनी, ३ फेब्रुवारीला, डी व्हॅलेरा खरोखरच निसटले. त्याच यादीत एडवर्ड कार्सन यांचेही नाव पुकारले गेले. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या संघवाद्यांचे, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्यांचे पुढारी, या संसदेचे कडवे शत्रू. ते येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते. 'गैरहजर' म्हटले गेले आणि सभागृहात हशा पिकला. पण नाव घेतले गेले. ही गोष्ट पुढे माझ्या कामाची आहे.

तारखा अशा योगायोगाने जुळतात तेव्हा निदान कोणाचा हात त्यात नसतो. आयरिश इतिहासात ठरवून जुळवलेल्या तारखाही पुष्कळ आहेत, आणि त्यांनी अधिक जखमा केल्या आहेत.

६ डिसेंबर १९२१च्या मध्यरात्रीनंतर लंडनमध्ये कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ यांच्या आयरिश शिष्टमंडळाने ब्रिटनशी तह केला. तहातच मुदत घातली होती, म्हणून बरोबर एक वर्षाने, ६ डिसेंबर १९२२ला, आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले. कायद्याच्या भाषेत याच तारखेला स्वतंत्र आयर्लंडचा जन्म झाला. त्या दिवशी डब्लिनमध्ये नाचगाणी कुठली? तहावरून देश दुभंगून यादवी चालू होती, आणि कॉलिन्स ऑगस्टमध्येच गोळीने मेले होते. ७ डिसेंबरला तहवादी खासदार शॉन हेल्स यांना डब्लिनच्या रस्त्यावर मारले गेले. ८ डिसेंबरच्या पहाटे नव्या सरकारने माउंटजॉय तुरुंगातल्या चार तहविरोधी कैद्यांना, रोरी ओकॉनर, लियम मेलोज, जो मॅकेल्व्ही आणि डिक बॅरेट यांना, खटला न चालवता भिंतीपुढे उभे करून गोळ्या घातल्या. ते चौघे हेल्स यांच्या खुनाच्या वेळी तुरुंगातच होते. या निर्णयात सामील असलेले मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांच्या लग्नात वर्षभरापूर्वी रोरी ओकॉनर नवऱ्याचा पाठराखा म्हणून शेजारी उभा होता. राज्य जन्माला येऊन अठ्ठेचाळीस तासही झाले नव्हते.

या ८ डिसेंबरचे पुढे काय झाले ते पाहा. १९३८ साली, त्याच तारखेला, १९२१च्या दुसऱ्या डॉलच्या, अजूनही तहविरोधावर अडून बसलेल्या सात सभासदांनी एक निवेदन सही केले: आम्ही म्हणजेच आयर्लंडचे खरे कायदेशीर सरकार, आणि ते सरकार आता आयआरएच्या, म्हणजे जुन्या स्वयंसेवक दलाचा वारसा सांगणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, सेनामंडळाकडे सोपवत आहोत. सात माणसे, एक कागद आणि एक निवडलेली तारीख. त्या कागदाच्या आधारावर पुढच्या पिढ्यांतल्या बंदूकधाऱ्यांनी स्वतःला गुन्हेगार न मानता सरकार मानले. तारखेला मी नुसती आठवणीची खूण समजत नाही ते यामुळे. तारीख म्हणजे खरेदीखत होऊ शकते. मृतांच्या नावावरची मालमत्ता जिवंतांच्या नावावर चढवायची असेल तर वर्षश्राद्धाचा दिवस गाठावा, हे माणसाला फार लवकर कळते.

तिसरा प्रकार पंचांगाचा आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागणार नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये दर १२ जुलैला ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुका निघतात: ढोल, बासऱ्या, नारिंगी पट्टे, घोड्यावर बसलेल्या तिसऱ्या विल्यमचे चित्र असलेली निशाणे. निमित्त बॉइनच्या लढाईचे, जिथे प्रोटेस्टंट विल्यमने कॅथलिक दुसऱ्या जेम्सचा पराभव केला. ती लढाई झाली १ जुलै १६९०ला. तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जुने जुलियन पंचांग चालत होते. १७५२ साली ग्रेगरियन पंचांग आले, अकरा दिवस गळले, आणि १ जुलैत अकरा मिळवून १२ जुलै करण्यात आले. पण १६९० साली दोन पंचांगांत फरक होता दहाच दिवसांचा. हिशेब नीट केला तर बॉइन येते ११ जुलैला. मग बारा जुलैला नक्की काय झाले होते? जुन्या पंचांगाप्रमाणे १२ जुलै १६९१ला गॉलवे काउंटीत ऑक्रिमची लढाई झाली, बॉइनपेक्षा कितीतरी अधिक रक्ताची, हजारो माणसे खाणारी. अठराव्या शतकात बारा जुलै हा आधी ऑक्रिमचाच दिवस होता. पंचांग बदलले, बॉइन सरकत येऊन त्याच तारखेवर बसली, १७९५ साली स्थापन झालेल्या ऑरेंज ऑर्डरने तिलाच कवटाळले, आणि ऑक्रिम मागे पडली. आज ज्या तारखेसाठी रस्ते अडवले जातात, ज्या तारखेसाठी कित्येकदा डोकी फुटली, ती एका चुकलेल्या बेरजेवर आणि एका विसरलेल्या लढाईवर उभी आहे.

आपल्याकडे शिवजयंतीवरून तिथी की तारीख हा वाद ऐकत मी मोठा झालो. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरकारी सुट्टीची तारीख १९ फेब्रुवारी. ही तारीखसुद्धा जुलियन पंचांगातलीच आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३० येतो. हे सांगितले की काही लोक चिडतात. चिडू नये. पंचांगे माणसांनी केलेली आहेत आणि महाराजांचे मोठेपण त्यांतल्या कोणत्याच रकान्यात अडकलेले नाही.

आयर्लंडची ईस्टरची गोष्ट तर आपल्या तिथीच्या वादाला थेट भिडते. डब्लिनमधला १९१६चा उठाव ईस्टर सोमवारी, २४ एप्रिलला झाला. आयरिश राज्य त्याचे स्मरण करते ते ईस्टरला, २४ एप्रिलला नव्हे. ईस्टर चंद्रावर चालतो, वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत कुठेही येऊ शकतो. शताब्दीचा मोठा सोहळा २०१६ साली झाला तो २७ मार्चला, म्हणजे खऱ्या तारखेच्या जवळजवळ महिनाभर आधी. म्हणजे तिथीने! १९४९ साली आयर्लंडने राष्ट्रकुल सोडले आणि प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर केले त्यासाठी निवडलेला दिवस होता १८ एप्रिल, त्या वर्षीचा ईस्टर सोमवार. तारीख वेगळी, तिथी तीच. बंडाला पुनरुत्थानाच्या सणाशी बांधणारी माणसे १९१६लाही होती आणि १९४९लाही. आणि गंमत अशी की तो दिवसही सगळ्यांचा झाला नाही: डी व्हॅलेरा, १९१६च्या उठावातले जिवंत उरलेले सगळ्यांत मोठे नाव, त्या सोहळ्यापासून दूर राहिले, कारण उत्तरेकडचे सहा परगणे अजून ब्रिटनकडे होते.

म्हणून आयर्लंडला स्वातंत्र्यदिन नाही. उमेदवार तारखा आहेत: २४ एप्रिल १९१६, २१ जानेवारी १९१९, ६ डिसेंबर १९२२, १८ एप्रिल १९४९. प्रत्येकीच्या दारात कोणीतरी रुसून बसलेले आहे.

यावर समजूतदार वाटणारे एक उत्तर दिले जाते: मग नकोच कोणतीही तारीख, सेंट पॅट्रिक बरा. मला हे पटत नाही. साजरे न केल्याने तारखा मरत नाहीत. त्या ज्यांना हव्या असतात त्यांच्या हाती जातात, जशी ८ डिसेंबर गेली. दुसरे उत्तर असे की तारीख घ्यावी, पण स्वच्छ करून घ्यावी. २१ जानेवारी म्हणजे लोकशाहीचा जन्म, मते मोजून स्थापन झालेली संसद, बस्स. सोलोहेडबेगचे काय करायचे ते टिपरेरीतल्या लोकांनी आपापल्या स्मारकापाशी पाहून घ्यावे. २०१९ साली शताब्दीला साधारण तसेच झाले. दोन्ही सभागृहांचे संयुक्त अधिवेशन मॅन्शन हाउसमध्ये भरले, राष्ट्राध्यक्षांचे भाषण झाले, सगळे फार सुंदर झाले. टिपरेरीतले स्मरण वेगळे पार पडले.

या वाटणीत मला एक खोट दिसते. ती म्हणते की राज्याचा आणि रक्ताचा संबंध नाही. टिपरेरीच्या शेतकऱ्याला, मेयोतल्या पोलिसाच्या पोरांना हे कोण सांगणार? पुढच्या अडीच वर्षांत रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचे चारशेहून अधिक पोलीस मेले. स्वयंसेवक मेले, या पोलिसांच्या मदतीला ब्रिटनमधून भरती करून आणलेल्या ब्लॅक अँड टॅन्सनी गावे जाळली, खबऱ्या ठरवून कित्येक साध्या माणसांना मारून बांधावर टाकले गेले. या सगळ्याशिवाय लंडनने वाटाघाटीचे टेबल मांडले असते का, यावर प्रामाणिक माणसे दोन्ही बाजूंनी वाद घालतात. पण झाले ते असे झाले. राज्याला आपल्या जन्माची कहाणी सांगायची असेल, तर दाईने हात धुतल्याचेच तेवढे सांगून भागणार नाही.

याच्या विरुद्ध जो खरा आक्षेप आहे, तो मी हलका करणार नाही. जानेवारी २०२० मध्ये आयरिश सरकारने डब्लिन कॅसलमध्ये रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी आणि डब्लिन पोलिसांच्या मृतांसाठी एक कार्यक्रम ठरवला. देशभर संताप उसळला. महापौरांनी, नगरसेवकांनी येणार नाही म्हणून सांगितले आणि काही दिवसांतच सरकारला तो पुढे ढकलावा लागला. संताप करणारे सगळे आंधळे नव्हते. ब्लॅक अँड टॅन्स कागदोपत्री याच पोलीस दलाचे होते. ज्यांच्या आजोबांचे घर त्यांनी पेटवले त्यांना त्या दलापुढे मान झुकवायला सांगणे म्हणजे जुन्या अपमानाला सरकारी शिक्का मारणे. डब्लिनमधल्या ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत २०१६ साली उठावातल्या सगळ्या मृतांची नावे, बंडखोर, नागरिक आणि ब्रिटिश शिपाई, एकाच भिंतीवर कोरली गेली. त्या भिंतीवर रंग फेकला गेला, पुढे हातोडा चालला, आणि शेवटी तो उपक्रम सोडूनच द्यावा लागला.

तरी मी म्हणतो की इथे दोन गोष्टींची गल्लत झाली. सन्मान आणि उल्लेख. संस्थेचा सन्मान करायला राज्याने लोकांना बोलवू नये. ती संस्था साम्राज्याची होती, आणि माझ्यासारख्या पारतंत्र्यातून आलेल्या देशाच्या माणसाला त्यात संदिग्ध काही वाटत नाही. पण त्या दिवशी त्या रस्त्यावर मेलेल्या दोन माणसांचा उल्लेख, नावानिशी, गावानिशी, हा सन्मान नाही. ते सत्यकथन आहे. ज्याने मारले त्याचे स्मारक आहे, त्याच्या पराक्रमाची गाणी आहेत. ज्याला मारले त्याचे नाव राज्याच्या तोंडी एकदा येण्याने त्या स्मारकाचा एक टवकाही उडत नाही.

आयर्लंडने हे एकदा करून दाखवले आहे, म्हणून मला आशा आहे. पुन्हा तारखेचीच गोष्ट. १ जुलै १९१६ला, महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर ब्रिटिश सैन्याची अल्स्टरची ३६वी डिव्हिजन थिएपव्हालच्या चढावर गेली. जुन्या पंचांगातला १ जुलै म्हणजे बॉइनचा मूळ दिवस, त्यामुळे उत्तरेच्या प्रोटेस्टंटांच्या आठवणीत या दोन १ जुलैंची गाठ बसली ती कायमची. दोन दिवसांत त्या डिव्हिजनचे पाच हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तो दिवस उत्तरेचा झाला. पण त्याच सोमच्या लढाईत सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडची, कॅथलिक राष्ट्रवाद्यांनी भरलेली १६वी डिव्हिजनही लढली आणि गिन्शीला टॉम केटल हा कवी आणि माजी खासदार मारला गेला. या लोकांना कोणत्याच तारखेने घरात घेतले नाही. मॅन्शन हाउसमध्ये जेवून त्या दुपारी बाहेर पडलेले फ्युसिलियर्स असेच. ज्या देशात ते परतले तो देश त्यांच्या हातातले ताट उचलले जाईपर्यंत बदलला होता. त्यांच्यासाठी डब्लिनमधल्या आयलंडब्रिजला वास्तुरचनाकार लट्यन्सने आखलेली स्मारकबाग कित्येक दशके गवतात बुडून गेली. मग हळूहळू मन वळले. २००६ साली ईस्टरला उठावाची लष्करी मानवंदना बऱ्याच वर्षांनी परत सुरू झाली, आणि त्याच वर्षी १ जुलैला राज्याने आयलंडब्रिजला सोमच्या मृतांचे स्मरण केले. एकाने दुसऱ्याला पुसले नाही. २०११च्या मे महिन्यात ब्रिटनच्या राणीनेही तिथे फूल वाहिले, आणि त्याच दौऱ्यात, आदल्याच दिवशी, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्मारकापुढे मान लववली.

एका दिवशी घडलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की काय दिसू लागते, याचे आपल्या मातीतले एक उदाहरण मला सोडवत नाही. २८ एप्रिल १९१६. डब्लिनमध्ये शुक्रवार. तोफांनी पेटलेले मुख्य टपाल कार्यालय त्या संध्याकाळी बंडखोरांनी सोडले आणि दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. त्याच २८ एप्रिलला बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडचा. आयझॅक बटने १८७०मध्ये सुरू केलेल्या चळवळीचा, १८८६पासून पार्लमेंटमध्ये पुन्हा पुन्हा आलेल्या आणि १९१४ला मंजूर होऊनही युद्धासाठी गुंडाळून ठेवलेल्या विधेयकांचा. ज्या दिवशी बेळगावात तो शब्द मोठ्या आशेने उचलला गेला, त्याच दिवशी तो ज्या शहराचा होता तिथे तो तोफांखाली मरत होता. तीन वर्षांत आयर्लंडमधल्या मतदारांनी त्या शब्दाच्या पक्षाला सहा जागांवर आणून ठेवले. बेळगावचा कार्यक्रम एकटा वाचला तर हे दिसत नाही, डब्लिनचा एकटा वाचला तरी दिसत नाही.

२१ जानेवारीच्या बाबतीत माझी मागणी म्हणूनच फार छोटी आणि नेमकी आहे. आयर्लंडने तो दिवस घ्यावा. दरवर्षी साडेतीन वाजता मॅन्शन हाउसच्या गोल सभागृहात तो पहिला हजेरीपट वाचावा, आयरिशमध्ये, जसा वाचला गेला तसा: हजर, गैरहजर, परक्यांच्या कैदेत. कॉलिन्स आणि बोलंड यांच्या नावापुढची खोटी 'हजर' खुशाल तशीच राहू द्यावी. ती त्या दिवसाचीच आहे. कार्सन यांचे नाव आले की या वेळी कोणी हसू नये. त्यानंतर सभेआधी तिथे जेवलेल्या पलटणीचे नाव घ्यावे. आणि मग सोलोहेडबेगच्या रस्त्यावरची नावे, ट्रेसी, ब्रीन, रॉबिन्सन आणि त्यांचे साथी, आणि त्यांच्याच ओळीत बेलमलेटचा जेम्स मॅक्डॉनेल, कॉर्ककडचा पॅट्रिक ओकॉनेल. त्या सभेने आपल्या शत्रूचे नाव पुकारले होते. या दोघांचे नाव पुकारायला तिच्या वारसांना नवी प्रथा पाडावी लागणार नाही.